साथरोग कळवताना या चुका टाळा : मराठवाड्यातल्या खासगी डॉक्टरांसाठी

‘रिपोर्ट येऊ द्या, मग कळवू’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या एकाच गावातून दिवसभरात जुलाब-उलट्यांचे चार पेशंट आले, तर कल्चरची (लॅबमध्ये जंतू वाढवून केलेल्या तपासणीची) वाट पाहायची नसते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना तेव्हाच फोन लावा. डॉक्टरांचा ‘पी’ फॉर्म लक्षणं आणि तपासणीवरून केलेल्या निदानासाठीच आहे. लॅबमध्ये पक्के झालेले रुग्ण ‘एल’ फॉर्ममध्ये जातात. फोन केला म्हणून आयएचआयपी या साथरोगांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवरची नोंद मात्र टळत नाही.

शौचाचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्या. लॅब लांब असेल तर वाटेत जंतू टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात पाठवा. डोसानंतर घेतलेला नमुना कॉलरा असूनही निगेटिव्ह येऊ शकतो, आणि मग गळक्या पाइपलाइनचा शोधही थंडावतो.

पत्त्यात नुसतं ‘वडगाव’ लिहू नका. वडगाव, पिंपळगाव या नावांची गावं आपल्याकडे पैशाला पासरी. गाव, वस्ती किंवा तांडा, तालुका आणि मोबाइल नंबर, एवढं हवंच. नाहीतर पथक भलत्याच गावात फवारणी करून येतं. छत्रपती संभाजीनगरात भाड्याने राहणारा विद्यार्थी आधारवरचा परभणीचा पत्ता देतो. त्याला डेंग्यू असेल तर मागचे दोन आठवडे तो कुठे झोपत होता ते विचारा. तारीखही ताप सुरू झाल्याची लिहा, ओपीडीत आल्याची नव्हे.

डेंग्यूचं कार्ड (झटपट तपासणी) पॉझिटिव्ह आलं तर ‘संशयित’ म्हणून कळवा आणि रक्त एलायझा या लॅबमधल्या खात्रीच्या तपासणीसाठी पाठवा : तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम (शरीरातली प्रतिपिंडं).

पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर निदान काहीही वाटो, पोलिओ नाही ना हे पाहण्यासाठी कळवायचंच. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने लागतात, तेही लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत.

क्षयरोगाची नोंद 2012 पासून सक्तीची आहे. थुंकी निगेटिव्ह, पण एक्स-रेवरून औषधं सुरू केली, असे रुग्णही निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर घालायचे असतात. नेमके तेच सुटतात. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर घेऊन ठेवा. मुकादमाचा नको, आजाराची कुणकुण त्याला लागली तर कामावर गदा येते. रुग्ण कारखान्यावर निघाला की निक्षयवर ट्रान्सफर करा. तिकडे नव्याने नोंद झाली, तर एकाच माणसाचे दोन रुग्ण होतात आणि तुमच्याकडचा ‘उपचार सोडलेला’ दिसत राहतो.