मुक्कामी हायकर्सचे ओले बूट सकाळपर्यंत वाळवायचे असतील तर

पावसाच्या दिवसांत हॉस्टेलच्या दारात चिखलाने माखलेल्या बुटांची रांग लागते, आणि सकाळी सहाला निघणाऱ्यांना ते कोरडे हवे असतात. ड्रायिंग रूम नसली तरी रद्दी आणि एका टेबल फॅनवर काम भागतं.

१. चिखल दाराबाहेरच ब्रशने काढायला लावा. नाड्या सैल करून जीभ पुढे ओढायची.

२. आतला सोल बाहेर काढून वेगळा वाळवा. बरंच पाणी त्यातच मुरलेलं असतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

३. रद्दीचे सैलसर बोळे पार बोटांच्या टोकापर्यंत सारा. ठासून भरू नका, हवा खेळली पाहिजे.

४. तासाभराने बोळे बदला. पहिले बोळे पिळता येतील इतके ओले निघतात. मग पुन्हा एकदा बदला.

५. झोपण्याआधी शेवटचे बोळे काढून बूट आडवे ठेवा, तोंड फॅनकडे. फॅन रात्रभर मध्यम वेगावर.

जोड्यांची अदलाबदल टाळायला नाड्यांना बेड नंबरची चिठ्ठी बांधा. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे तीन जोड हमखास येतात. आतले सोलही आपापल्या जोडीशेजारीच राहू द्या.

बूट हीटरला किंवा शेकोटीला लावू देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी. उष्णतेने सोलचा गोंद सुटतो, चामडं तडकतं, आणि पुढचं दुकान कित्येक दिवसांच्या चालीवर असू शकतं. लोकरीचे मोजे मात्र त्याच फॅनसमोर दोरीवर टाकले तरी चालतात.