मॉडेल विमानाच्या इंजिनासाठी ग्लो प्लग निवडताना या चुका टाळा

इंजिन चालू होते, प्रोपेलर नीट फिरू लागतो, आणि इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगवरची बॅटरीची क्लिप काढताच आवाज खाली बसून इंजिन बंद पडते. मुंबईत मोकळे मैदान मिळत नाही म्हणून आपण बदलापूर-कर्जतच्या बाजूला जातो, आणि तिथे रविवारी सकाळी ही तक्रार हमखास कानी येते. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: प्लग बदला. पुष्कळदा नवा प्लगही तसाच वागतो, कारण दोष प्लगचा नसतो, किंवा नवा प्लगही त्याच चुकीच्या प्रकारचा असतो.

ग्लो प्लगमधली बारीक कॉइल प्लॅटिनमच्या मिश्रधातूची असते. बॅटरी तिला फक्त सुरुवातीला तापवते. पुढे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उत्प्रेरकी क्रियेने जळत राहते आणि सिलिंडरमधल्या दाबाची व ज्वलनाची उष्णता मिळून कॉइल लाल राहते. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ च्या सुमारास असा प्लग बाजारात आणला, तेव्हा ठिणगीसाठी विमानात वाहावे लागणारे कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरीचे ओझे एकदम उतरले. मात्र ठिणगीची वेळ ठरवणारी यंत्रणाही त्यासोबत गेली. म्हणून ग्लो इंजिनात इंधन केव्हा पेटावे हे बऱ्याच अंशी प्लगच ठरवतो. गरम प्लग, म्हणजे ज्याची कॉइल जास्त तापलेली राहते, ते लवकर पेटवतो, थंड प्लग उशिरा. ही गोष्ट ध्यानात न घेता केलेली निवड म्हणजे केवळ अंदाज होय.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलणे. तिकडचे वैमानिक बहुधा १० ते १५ टक्के नायट्रोमिथेन (इंजिनाची ताकद वाढवणारे रसायन, थोडक्यात नायट्रो) असलेले इंधन वापरतात. आपल्याकडे नायट्रो महाग आणि मिळायला कठीण, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांची इंजिने ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल तेल यांवर, किंवा फार तर ५ टक्के नायट्रोवर चालतात. नायट्रो जितके कमी, तितका प्लग गरम हवा. जास्त नायट्रोसाठी सुचवलेला थंड प्लग बिननायट्रोच्या इंधनात कमी वेगावर लगेच विझतो. याउलट इंजिन मोठे, कॉम्प्रेशन जास्त किंवा नायट्रो जास्त असेल, तर थंडाकडे सरकावे. ०.४० ते ०.४६ घनइंचाच्या, म्हणजे सुमारे ६.५ ते ७.५ सीसीच्या, सर्वसाधारण टू-स्ट्रोकसाठी ओएस कंपनीचा ८ क्रमांकाचा मध्यम प्लग ही चांगली सुरुवात आहे. बिननायट्रोच्या इंधनावर तो टिकत नसेल, तर एन्या कंपनीच्या ३ क्रमांकासारखा गरम प्लग लावून पाहावा. एका कंपनीच्या आकड्याची दुसरीच्या आकड्याशी तुलना मात्र करू नये, कारण सर्वांना लागू पडेल अशी मोजपट्टी नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो आणि मधल्या वेळात कॉइल निवते, म्हणून तिथे ओएस एफसारखा खास फोर-स्ट्रोकसाठी बनवलेला प्लगच घ्यावा.

आटे बसले म्हणजे प्लग बसला, असेही समजू नये. बहुतेक मॉडेल इंजिनांचे आटे पाव इंच व्यासाचे आणि इंचाला ३२ असे एकसारखे असतात, त्यामुळे चुकीचा प्लगही सहज आत जातो. लहान इंजिनात लांब प्लग बसवल्यास त्याचे टोक पिस्टनवर आपटू शकते. टर्बो या वेगळ्या प्रकारच्या प्लगची बैठक निमुळती असते. तो साध्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) किंवा साधा प्लग टर्बो हेडमध्ये चालत नाही. साध्या प्लगखाली तांब्याचा वॉशर हवाच. तो हरवला तर गॅस गळतो, आणि अशी गळती बाहेरून प्लग कमजोर असल्यासारखीच भासते. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवावा आणि मग पान्याने थोडाच आवळावा, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की हेडच बदलावे लागते. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ग्लो प्लग मागितला तर डिझेल गाडीचा प्लग पुढे येतो. ती वस्तू पूर्ण वेगळी आहे.

विजेच्या बाबतीत, प्लगला सुमारे १.५ व्होल्ट आणि साधारण ३ अँपिअर लागतात. १.२ व्होल्टचा मोठा निकेल-मेटल-हायड्राइड सेल हे काम उत्तम करतो. हल्ली ३.७ व्होल्टचा लिथियम सेल थेट जोडण्याची चूक वाढली आहे; त्यात कॉइल क्षणात वितळते. लहान पेन्सिल सेल मीटरवर १.५ व्होल्ट दाखवतो, पण प्लग जोडताच तो आकडा कोसळतो. वायर आणि क्लिप मिळून ०.१ ओहमचा रोध असला, तरी ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. प्लग बाहेर काढून, इंधनापासून दूर, सावलीत तापवून पाहावा. कॉइल ठळक नारिंगी दिसली पाहिजे. मंद लाल दिसली, तर आधी सेल आणि वायर तपासावी.

आपल्या हवेतली खरी अडचण इंधनाची आहे. ज्वालाग्राही पदार्थ लोकलमधून नेता येत नाही, म्हणून पुष्कळ जण इंधनाचा कॅन मैदानाजवळच्या शेडमध्येच ठेवतात. मीही जूनमध्ये अर्धा भरलेला कॅन तसाच ठेवला होता. ऑक्टोबरमध्ये इंजिन कमी वेगावर टिकेना. मी तीन प्लग बदलले, नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) पुन्हा पुन्हा फिरवली, आणि शेवटी एका सोबत्याच्या बाटलीतले ताजे इंधन घातल्यावर पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झाले. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. कॅनमध्ये जितकी हवा जास्त, तितके पाणी जास्त. तेव्हापासून मी इंधन काठोकाठ भरलेल्या छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत ठेवतो. डिसेंबरच्या गार सकाळी बसवलेली नीडल मे महिन्याच्या उष्ण, दमट हवेत रिच पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त होते, हेही विसरू नये.

म्हणून क्लिप काढल्यावर वेग उतरला, तर आधी ताजे इंधन घालावे, मग नीडल किंचित लीन करून, म्हणजे इंधन थोडे कमी करून, पाहावी, आणि तरीही वेग उतरत असेल तरच अधिक गरम प्लग लावावा. याउलट पूर्ण थ्रॉटलला कढईत तळल्यासारखा तडतड आवाज येत असेल किंवा सुरू करताना प्रोपेलर उलटा झटका देत असेल, तर इंधन वेळेआधी पेटत आहे. अशा वेळी नीडल रिच करावी किंवा थंड प्लग घ्यावा. प्रोपेलर बोटाने न फिरवता काठीने फिरवावा.

काढलेला प्लग टाकून देण्यापूर्वी घड्याळजीच्या भिंगाखाली धरावा. चांगली कॉइल गुळगुळीत आणि चकचकीत असते, तिचे वेढे एकमेकांपासून सुटे दिसतात. निस्तेज, खरखरीत करडी कॉइल जुनी झालेली असते. वेढे चेपून एका बाजूला गेले असतील, तर मिश्रण लीन किंवा प्लग गरम आहे. आणि कॉइलवर राखाडी धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले, तर नवा प्लग लावून पुन्हा उडवण्याची घाई करू नये. मागचे कव्हर उघडून बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन तपासावेत, कारण ते कण इंजिनाच्याच झिजेतून आलेले असतात.