परदेशी पगार आणि भारतीय आयकर: हिशेब दिवसांपासून सुरू करावा

परदेशात नोकरी लागली की घरात पहिली चर्चा व्हिसाची होते, दुसरी तिथल्या जागेच्या भाड्याची, आणि आयकराचा विषय बहुतेक वेळा पुढच्या जुलैत, विवरणपत्राची मुदत तोंडावर आल्यावर निघतो. तोपर्यंत बरेच काही हातातून गेलेले असते. कर किती हा प्रश्न नंतरचा; त्या वर्षी तुम्ही निवासी होता की अनिवासी, हे आधी ठरते, आणि ते केवळ नागरिकत्वावरून किंवा कंपनीच्या नेमणूकपत्रावरून नव्हे, तर मुख्यतः १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात तुम्ही भारतात किती दिवस होता यावरून ठरते. म्हणून फॉर्म बाजूला ठेवून आधी दिवस मोजावेत.

आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात काढले, तर तुम्ही निवासी. वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, तरीही निवासीच. मात्र नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला, ज्या वर्षी तो जातो त्या वर्षापुरती, ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. सुटीवर घरी येणाऱ्या अनिवासी भारतीयालाही ती मिळते. पण त्याचे भारतातले उत्पन्न १५ लाख रुपयांच्या वर असेल, तर मर्यादा १२० दिवसांवर येते. गणपतीला आलेला मुक्काम दिवाळीपर्यंत लांबवणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

मोजणीत कुठे घसरायला होते, ते एका उदाहरणाने सांगतो. १ एप्रिलपासून २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात आणि २९ सप्टेंबर हा १८२ वा दिवस असतो. समजा, डोंबिवलीचा एक अभियंता दुबईला रुजू होण्यासाठी २८ तारखेला रात्री साडेनऊला घरून निघाला. विमान पहाटे साडेतीनचे. विमानतळावर निरोपानिरोपी झाली, सामान दिले, इमिग्रेशनच्या रांगेतून सुटेपर्यंत बारा वाजून वीस मिनिटे झाली आणि पासपोर्टवर शिक्का पडला २९ सप्टेंबरचा. घरच्यांच्या लेखी तो २८ लाच गेला; कायद्याच्या लेखी तो त्या वर्षी निवासी ठरला. आजवर भारतातच राहिलेला असल्यामुळे तो पूर्ण अर्थाने निवासी, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च हा दुबईचा पगारही भारतात करपात्र. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही, त्यामुळे वजावट घ्यायला तिथे भरलेला कर नाही. आणि एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर लागू नये म्हणून झालेल्या भारत–अमिराती करारानुसार तिथला निवासी ठरायला कॅलेंडर वर्षात किमान १८३ दिवस तिथे असावे लागते, तर याचे ३१ डिसेंबरपर्यंत भरतात जेमतेम नव्वद-पंचाण्णव. एका शिक्क्याने सहा महिन्यांच्या पगारावर कर बसतो. रुजू होण्याची तारीख थोडीही हलवता येत असेल, तर आठवडाभर आधी निघावे. काठावरचा हिशेब ठेवू नये. जाण्याचा आणि येण्याचा दिवस मोजायचा की नाही यावर वाद झालेले आहेत, म्हणून दोन्ही दिवस भारतातले धरूनच आकडा काढावा.

यासाठी साधी वही पुरते: तारीख, विमान, इमिग्रेशनचा शिक्का, एकूण दिवस. शिक्का नसेल तर बोर्डिंग पास जपून ठेवावा. मी स्वतः एकदा शिक्क्याऐवजी तिकिटावरची तारीख धरून एकाचे विवरणपत्र भरले होते आणि नंतर ते सुधारून द्यावे लागले. तेव्हापासून पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स हातात आल्याशिवाय मी बोलणेच सुरू करत नाही.

जहाजावर काम करणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे, आणि मुंबईत व कोकणात अशी घरे पुष्कळ आहेत. भारतातून परदेशी जाणाऱ्या जहाजावरच्या भारतीय खलाशाच्या बाबतीत, सीडीसीमध्ये (खलाशाच्या सेवेच्या अधिकृत नोंदपुस्तिकेत) साइन-ऑन झाल्याच्या तारखेपासून साइन-ऑफच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातल्या दिवसांतून वगळला जातो, जहाज मधल्या काळात भारतीय समुद्रहद्दीत असले तरी. अनिवासी खलाशाचा परदेशी जहाजावरचा पगार केवळ भारतातल्या एनआरई (अनिवासींसाठीच्या रुपयातल्या) खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, हे २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट झालेले आहे. सीडीसीची पाने मात्र पासपोर्टइतकीच जपायला हवीत.

आता उलट बाजू. अंधेरीतल्या घरी बसून लंडन किंवा सिंगापूरच्या कंपनीचे काम करणाऱ्याला वाटते की पगार परदेशातून येतो, म्हणजे करही तिकडचा. पण काम जिथे बसून केले, तिथे तो पगार कमावला असे कायदा मानतो, आणि ते ठिकाण मुंबई आहे. त्या कंपनीचे इथे कार्यालय नसेल तर टीडीएस कापला जात नाही, फॉर्म १६ मिळत नाही आणि सगळा भार तुमच्यावर येतो. आगाऊ कर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण असा भरावा. चुकल्यास व्याज लागते. परदेशी कंपनीने चुकून तिथला कर कापलाच, तर तो भारतात वजा मिळेल असे गृहीत धरू नये. करारानुसार त्या देशाला तो कर घेण्याचा हक्क नसेल, तर परतावा त्याच देशाकडे मागावा लागतो.

काही महिन्यांसाठी परदेशी पाठवणी होते तेव्हा तिथला कर टळायला बहुतेक करारांतले १८३ दिवसांचे कलम कामी येते. मात्र त्यात तीन अटी एकत्र पाळाव्या लागतात: मुक्काम १८३ दिवसांच्या आत, पगार देणारा त्या देशाचा निवासी नसणे आणि त्या पगाराचा बोजा पगार देणाऱ्याच्या त्या देशातल्या कायम आस्थापनेवर (शाखा, कार्यालय अशा कायमच्या ठिकाणावर) नसणे. लोक पहिलीच अट वाचून थांबतात.

दोन्हीकडे कर लागलाच, तर भारतातल्या निवासीला परदेशी कराची वजावट मिळते, पण ती मर्यादित असते. समजा, परदेशातल्या एका उत्पन्नावर तिथे ३ लाख कर गेला आणि त्याच उत्पन्नावर भारतीय कर २ लाख २० हजार येतो, तर वजावट २ लाख २० हजारांचीच. उरलेले ८० हजार परत मिळत नाहीत. हिशेब प्रत्येक देशाचा आणि प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नाचा वेगळा होतो, आणि तिकडे भरलेले व्याज किंवा दंड त्यात धरला जात नाही. परकीय चलनातला कर रुपयांत आणताना स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर (बँक परकीय चलन विकत घेते तो) घ्यावा, आणि तोही कर भरल्याच्या किंवा कापल्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. गूगलवर दिसणारा त्या दिवसाचा दर चालत नाही.

यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा असतो, सोबत तिथे कर भरल्याचा पुरावा. २०२५–२६ च्या उत्पन्नासाठी तो ३१ मार्च २०२७ पर्यंत चालतो, विवरणपत्र मुदतीत किंवा विलंबाच्या मुदतीत भरलेले असेल तर. तरी विवरणपत्राच्या आधीच भरून टाकावा, म्हणजे पडताळणीत वजावट अडकत नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे आणि तिथे ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आहे. त्या तारखेनंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे व फॉर्मचे नवे क्रमांक पाहूनच पुढे जावे.

आणखी एक घोळ वर्षांचा. अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचे जुलै ते जून. तिकडचे वार्षिक प्रमाणपत्र जसेच्या तसे आपल्या विवरणपत्रात उतरवता येत नाही. महिन्यामहिन्याच्या पगारपावत्या लागतात.

पवईत किंवा ऐरोलीत अमेरिकी कंपनीत काम करून आरएसयू (नोकरीच्या मोबदल्यात मिळणारे कंपनीचे शेअर्स) मिळवणाऱ्यांनी परदेशवारी केलेली नसली तरी हा विषय त्यांचा आहे. त्या शेअर्सच्या लाभांशातून अमेरिकेत २५ टक्के कर कापला जातो, तो वर सांगितल्याप्रमाणे वजा घेता येतो. आणि शेअर्सची नोंद विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, करावी लागते, जिथे आर्थिक वर्ष नव्हे तर ३१ डिसेंबरला संपणारे कॅलेंडर वर्ष धरतात. आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा नमुना यात चालत नाही. नोंद राहिली तर काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याखाली दंड १० लाखांचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली. नोंद करण्यातून मिळालेली नाही.

अनिवासी झाल्यावर मुंबईत मागे राहिलेल्या जागेचे काय, याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. भाडे देणाऱ्याने ३० टक्के दराने, वर सेस धरून, टीडीएस कापणे बंधनकारक आहे आणि बहुतेक भाडेकरूंना ते ठाऊक नसते. १२ लाखांपर्यंत कर नाही ही सवलत फक्त निवासींना आहे. नव्या करपद्धतीत अनिवासीला ४ लाखांच्या वर कर लागतो. जागा विकायची असेल तर खरेदीदाराने टीडीएस जास्त कापू नये म्हणून कमी कपातीचे प्रमाणपत्र सौद्याच्या बरेच आधी मागावे, आणि त्याआधी पॅन आयकर खात्याच्या आंतरराष्ट्रीय करआकारणी विभागाकडे वर्ग करून घ्यावे, नाहीतर अर्ज जुन्या वॉर्डातच फिरत राहतो. पोर्टलवर ‘निवासी’ अशी जुनी नोंद तशीच राहिली, तर आधार न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय होण्याचा धोकाही असतो.

परत येताना मात्र कायदा थोडा सढळ आहे. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसाल, तर तुम्ही निवासी असूनही ‘सामान्यतः निवासी नसलेले’ ठरता आणि परदेशातले व्याज, भाडे भारतात करपात्र होत नाही. परदेशातली खाती बंद करायची, तिकडचे शेअर विकायचे, तर हा दर्जा टिकतो त्या दोन-तीन वर्षांतच. बँकेला मात्र परतल्याबरोबर कळवावे. एनआरई खाते निवासी किंवा आरएफसी (निवासींच्या परकीय चलन) खात्यात बदलावे लागते, आणि निवासी झाल्यावरही जुन्या एनआरई खात्यावर करमुक्त व्याज घेत राहिल्यास तो प्रश्न आयकराबरोबर फेमाचाही (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचाही) होतो.