टॅपेट घरी सेट करताना आवाजावर नाही, गेजवर विश्वास ठेवा

इंजिनचा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा गॅप सेट करायचा स्क्रू, वाजायला लागला की बरेच जण सरळ टाइट करून टाकतात आणि आवाज गेला की झालं काम असं समजतात. पण खरं सांगतो, थोडी टकटक करणारा टॅपेट परवडला, एकदम गप्प झालेला नाही. रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप संपला की व्हॉल्व्ह सीटवर नीट बसतच नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, ती वाट बंद झाली की व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि मग हेड उतरवावंच लागतं.

हे सगळं स्क्रू-लॉकनटवाल्या सिंगल सिलिंडर इंजिनबद्दल सांगतोय, शिमवाल्याचं (जिथे गॅप पातळ चकत्या बदलून जुळवतात) काम वेगळं.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गॅपचा आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा, ०.०८ मिमी एका गाडीला बरोबर असेल तर दुसरीला नसेल, आणि एक्झॉस्टचा बऱ्याचदा इनटेकपेक्षा जास्त असतो कारण तो जास्त तापतो. आता प्लग काढा म्हणजे क्रँक हलका फिरेल, टॅपेटची झाकणं आणि मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं उघडा, क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा, आणि मॅग्नेटवरची टी ची रेघ (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) कव्हरच्या खाचेसमोर आणा. शेजारचा एफ इग्निशनचा असतो, तो नाही.

इथेच फसायला होतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची (रॉकर हलवणाऱ्या दांड्याची) एक फेरी होते, म्हणजे टी दोनदा येतो आणि आपल्याला कॉम्प्रेशनवालाच (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तो) पाहिजे. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले तर बरोबर, घट्ट असतील तर अजून एक पूर्ण फेरी द्या. मी पहिल्यांदा चुकीच्या टी वर सेट केलं होतं, स्टार्ट केल्यावर हेडमधून असा खडखडाट आला की लगेच बंद करून सगळं परत उघडलं.

फीलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पात्यांचा संच) गॅपएवढी पाती तेलाचा हात लावून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवा. ओढताना हलकी पकड जाणवली पाहिजे, सुळकन निघाली तर ढिलं, वाकायला लागली तर टाइट. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो म्हणून तो धरून ठेवायचा, आणि आवळून झाल्यावर पाती परत घालून बघायचीच, निम्म्या वेळा माप तिथेच बदललेलं सापडतं.

टायमिंग चेनही (क्रँकवरून कॅम फिरवणारी) काढणार असाल तर आधी टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) काढा आणि चेनला तार बांधून ठेवा, नाहीतर ती खाली पडते. परत बसवताना क्रँक टी वर, कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेशी जुळलेली, आणि चेनचा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूलाच यायला हवा. ३२ दात्यांच्या स्प्रॉकेटवर एक दाता चुकला तर क्रँकच्या हिशोबाने टायमिंग २२.५ अंशांनी सरकतं, गाडी स्टार्टच होत नाही किंवा झाली तरी ओढत नाही, आणि जास्त चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

म्हणून टेन्शनर लावल्यावर किक किंवा सेल्फ मारायच्या आधी पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या द्या. कुठे अडकलं तर जोर लावू नका, थांबा आणि खुणा परत बघा. मोकळं फिरलं आणि खुणा जुळल्या की मगच प्लग लावा.