मोठ्या निगेटिव्हसाठी स्वस्त स्कॅनर घेताना

आधी झाकणातली दिव्याची खिडकी मोजा. काच ए-४ची असली तरी फिल्मवर वरून पडणारा प्रकाश सगळीकडे पोचत नाही. एप्सन व्ही६००ची खिडकी जेमतेम ६८ मिमी रुंद आहे. ४×५ इंची निगेटिव्ह त्यात दोन भागांत स्कॅन करून जोडावी लागते. ऑटो एक्सपोजर (प्रकाशाचं प्रमाण स्कॅनरने आपोआप ठरवणं) चालू राहिलं तर दोन्ही तुकड्यांचा टोन जुळत नाही. दोन-चार निगेटिव्ह असतील तर चालेल, पेटीभर असतील तर जीव नकोसा होतो.

त्यापेक्षा सेकंडहँड एप्सन ४९९० किंवा व्ही७०० शोधा. दोन्हींची खिडकी ८×१० इंची, म्हणजे जुन्या स्टुडिओंच्या हाफ प्लेट, फुल प्लेट मापाच्या काचेच्या निगेटिव्हही बसतात. विकत घेण्याआधी फिल्म न ठेवता एक स्कॅन करून बघा: उभ्या रेघा, काचेच्या आतलं धुकं लगेच दिसतं. नेताना ट्रान्सपोर्ट लॉक (आतला सरकता भाग अडकवणारी कळ) लावायला विसरू नका.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला (इंचामागे ठिपके) भुलू नका. २००० डीपीआयलाच ४×५मधून ८ कोटी पिक्सेल मिळतात. १६-बिट ग्रेस्केलची फाइल १६० एमबी.

फिल्म काचेवर थेट ठेवायची तर मॅट बाजू खाली. चकचकीत बाजू टेकली की इंद्रधनुषी वलयं उमटतात. मॅट बाजू खाली ठेवली की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, ते सॉफ्टवेअरमध्ये आडवं फ्लिप करायचं. कृष्णधवल फिल्मला डिजिटल आइस (धूळ-ओरखडे आपोआप पुसणारी सोय) बंदच ठेवा. फिल्ममधल्या चांदीच्या कणांनाच ते धूळ समजतं. धूळ ब्लोअरने उडवा, तोंडाने नको.