अर्ध्या शरीराला रेडिएशन: आधी काय तपासायचं, नंतर काय सांभाळायचं

कॅन्सर हाडाहाडांत पसरला की एकेका जागेला लाइट (म्हणजे रेडिएशन) घेण्यातच रुग्णाचे दिवस जातात. अशा वेळी अर्ध्या शरीराला एकाच बैठकीत रेडिएशन देतात. हे दुखणं उतरवण्यासाठी असतं, आजार बरा करण्यासाठी नाही. घरात सगळ्यांना हे आधी सांगा. बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधी पूर्ण शरीराला देतात ते वेगळं.

नेहमीचा डोस वरच्या भागाला ६ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), खालच्या भागाला ८. फरक फुप्फुसांमुळे. त्यांत हवा असल्याने किरण कमी अडतात आणि आतला डोस वाढतो. तो फार झाला तर एक ते तीन महिन्यांनी कोरडा खोकला आणि धाप लागते. दोन भागांची सीमा सहसा बेंबीजवळ असते. तिथली शाईची रेघ मुंबईच्या घामाने पुसट होते. ती घरी पेनने गिरवू नका, टेक्निशियनला दाखवा. रेघ सरकली तर मधल्या पट्ट्याला दुप्पट डोस जातो किंवा तो सुटतो.

आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, हवीच. प्लेटलेट एक लाखाखाली असतील तर डॉक्टर बहुधा थांबतात. मांडी दुखत असेल तर एक्स-रे काढून घ्या: पोखरलेल्या हाडाला रेडिएशनने लगेच बळ येत नाही, कधी आधी रॉड टाकावा लागतो. पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वरच्या भागानंतर तासाभरातच उलट्या सुरू होऊ शकतात. म्हणून ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन आधीच द्यायचं असतं. नेमकी वेळ लिहून घ्या. परळला उपचार घेऊन लगेच कर्जत-कसारा लोकल पकडू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा जवळपास कुठे जागा मिळते का, ते आधीच पाहा. पहिल्याच दिवशी कानाखाली सूज आली तर घाबरू नका, ती लाळग्रंथींची असते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. खालच्या भागानंतर जुलाब होतात. ओआरएस घरात ठेवा.

दुखणं बऱ्याचदा २४ ते ४८ तासांत कमी होतं, पण त्याआधी थोडं वाढूही शकतं. खरी गफलत पुढे होते. दुखणं गेलं तरी त्यासाठी चालू असलेलं मॉर्फीन तेवढंच राहिलं तर रुग्ण गुंगीत जातो. एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, तळमळ. डोस डॉक्टरांकडूनच पायरीपायरीने उतरवून घ्या.

दोनेक आठवड्यांनी रक्तपेशी सर्वांत खाली जातात, म्हणून सीबीसी दर आठवड्याला करा. या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसला गेला तर पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नका, लगेच निघा. उरलेला अर्धा भाग ४ ते ६ आठवड्यांनी, तोही पेशी सावरल्या असतील तरच.