जुनी स्पॅनिश तलवार किंवा चाकू घेताना या चुका टाळा

जुन्या स्पॅनिश शस्त्रांच्या बाजारात सगळ्यांत महाग शब्द म्हणजे 'तोलेदो', तलवारींसाठी नावाजलेल्या स्पॅनिश शहराचे नाव. पात्यावर ही अक्षरे दिसली की विक्रेता किंमत चढवतो आणि घेणारा भिंग खिशात ठेवतो. वास्तविक तपासणीला तिथून सुरुवात व्हायला हवी. स्पेन, मेक्सिको, क्यूबा, अर्जेंटिना, फिलिपिन्स या मुलखांतल्या कितीतरी शस्त्रांचे पाते एका देशात घडले आणि मूठ भलत्याच देशात चढली. म्हणून नव्या संग्राहकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे, वस्तू आधी तपासा आणि तिच्यावर लिहिलेले शेवटी वाचा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

ठशाला जन्मदाखला समजणे

सोळाव्या-सतराव्या शतकात तोलेदोच्या कारागिरांचा युरोपभर दबदबा होता. त्यामुळेच त्यांची नावे सर्रास चोरली गेली. जर्मनीतल्या झोलिंगेनचे लोहार आपल्या पात्यांवर बिनदिक्कत 'तोलेदो' घालत. तोमास दे आयाला, साआगुन अशा नामांकित कारागिरांची नावेही ते कोरत, आणि कित्येकदा त्यांत अक्षरांची चूक असे. अशी चूक दिसली म्हणून वस्तू आजकालची बनावट ठरत नाही. ते पाते खरोखर सतराव्या शतकातले असू शकते, फक्त गाव वेगळे. त्याला खोटे म्हणून झिडकारणे ही जितकी मोठी चूक, तितकीच तोलेदोचा भाव देणे हीही.

पात्यावरच्या बोधवाक्याचेही तेच. 'कारणाशिवाय मला उपसू नकोस, मान राखल्याशिवाय म्यान करू नकोस' या अर्थाचे स्पॅनिश वाक्य अठराव्या शतकातल्या अस्सल पात्यांवर असते. वसाहतींसाठी झोलिंगेनमध्ये घडलेल्या पात्यांवर असते आणि विसाव्या शतकात पर्यटकांसाठी केलेल्या तलवारींवरही असते. वाक्य वाचून काळ ठरत नाही, ते कसे उमटवले आहे ते पाहून थोडाफार ठरतो. छिन्नीने कोरलेल्या अक्षराची खोली कमी-जास्त असते, आम्लाने खाल्लेले अक्षर सगळीकडे एकसारखे उथळ असते. अर्थात आम्लाचे काम जुनेही असते, तेव्हा हा पुरावा एकट्याने पुरत नाही.

तिसऱ्या कार्लोस राजाने १७६१ मध्ये तोलेदोला शाही तलवार कारखाना काढला. तिथल्या लष्करी पात्यांवर बऱ्याचदा कारखान्याचे नाव आणि वर्ष मिळते. इथे लोक हमखास घोटाळा करतात. ते वर्ष त्या पात्याच्या घडणीचे असते, नमुन्याचे, म्हणजे ती रचना ठरल्याचे नव्हे. घोडदळाचा 'पुएर्तो सेगुरो' हा नमुना १९०७ चा, पण तो पुढे अनेक वर्षे बनत राहिला. पात्यावर नंतरचे वर्ष दिसले म्हणून मूठ बदलली असा निष्कर्ष काढू नका.

मराठी वाचकाला पाते आणि मूठ वेगवेगळ्या मुलखांतली असणे नवे वाटू नये. आपली फिरंग म्हणजे तेच. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून परत मिळवलेली रघुजी भोसल्यांची तलवार आठवा. पाते युरोपीय बनावटीचे, मूठ इकडची, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेल्या पात्यांना भारतात इतकी मागणी होती की इथले लोहारही त्यांचे ठसे नकलत. तेव्हा एखाद्या जुन्या वाड्यातल्या तलवारीवर युरोपीय चिन्ह दिसले, तर लगेच 'स्पॅनिश' म्हणू नका. पाते इटालियन, जर्मन किंवा चक्क देशी असण्याचा संभव तेवढाच असतो.

पर्यटकाच्या आठवणीला पुरातन वस्तू समजणे

सर्वाधिक पैसे याच चुकीत बुडतात. 'एल सिद' (मध्ययुगीन स्पॅनिश वीर), 'तिसोना' (त्याची तलवार), 'पाचवा कार्लोस' (सोळाव्या शतकातला राजा) अशी भारदस्त नावे असलेल्या, सोनेरी मुठीच्या तलवारी विसाव्या शतकात तोलेदोत भिंतीवर लावण्यासाठी बनल्या. पाते स्टेनलेस असेल तर विषय संपला, कारण ते पोलाद १९१० च्या दशकाआधी नव्हतेच. क्रोमचा चकचकीत मुलामा १९२० च्या दशकानंतरचा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. इंग्रजीत 'स्पेन' किंवा 'मेक्सिको' असा ठसा असेल, तर अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले होते, हे लक्षात ठेवा.

मुठीवर हात झाकणारे वाटीच्या आकाराचे संरक्षण असलेली सतराव्या शतकातली स्पॅनिश तलवार मोठी देखणी असते, म्हणून तिच्या नकलाही एकोणिसाव्या शतकापासून निघाल्या. त्या नकला आज स्वतःच दीडशे वर्षांच्या झाल्यामुळे गंज आणि काळसरपणा पाहून फसायला होते. वाटीच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. अस्सल वाटी पत्रा ठोकून केलेली असते. आतून हातोडीचे उंचसखल खड्डे हाताला लागतात, जाळीची भोके एकसारखी नसतात, भोकांच्या कडांना कानशीचे ओरखडे असतात. ओतीव वाटी आतून रवाळ लागते, कुठेतरी साच्याची शिवण सापडते आणि जाळीची नक्षी डावी-उजवी तंतोतंत जुळते.

वाहाकाच्या मेक्सिकन तलवारी व चाकू मात्र वेगळ्या न्यायाने पाहावेत. गरुडाच्या डोक्याची पितळी मूठ आणि आम्लाने उमटवलेली चित्रे-म्हणी ही तिथल्या कारागिरांची जिवंत परंपरा आहे. वस्तू सुंदर असतात, त्यांचा संग्रह जरूर करा, पण त्या स्पॅनिश अमदानीतल्या म्हणून घेऊ नका. त्या काळातले खरे हत्यार म्हणजे एस्पादा आंचा, उत्तर सरहद्दीवरच्या घोडेस्वारांची आखूड, रुंद, ओबडधोबड तलवार. तिने झुडपेही तोडली जात. ती इतकी साधी असते की लोक तिला गंजका कोयता समजून सोडून देतात. माझ्या मते संग्रहात एक चांगली एस्पादा आंचा दहा सोनेरी तिसोनांपेक्षा मोलाची.

नवाहा: आकार आणि आवाजाला भुलणे

स्पेनचा घडीचा चाकू म्हणजे नवाहा. उघडताना कडकड वाजणारी खाच असली की लोकांना तो दरोडेखोराचा वाटू लागतो. पण याच धाटणीचे चाकू फ्रान्समध्ये तिएर आणि शातेलरो इथे स्पेनच्या बाजारासाठी बनत, आणि स्पेनमधल्या आल्बासेते शहरात आजही बनतात. पाते उघडून वर-खाली हलवून पाहा आणि खाचेचे दात भिंगाखाली तपासा. वापरलेल्या चाकूचे दात कमी-जास्त झिजलेले असतात. पात्यावर 'रेकुएर्दो' म्हणजे 'आठवण' असे लिहिले असेल, तर ती भेटवस्तू आहे. अवाढव्य नवाहा बहुधा दुकानात मांडण्यासाठीचे असतात. आल्बासेतेला चाकूसुऱ्यांचे खास संग्रहालय आहे. एकदा तिथली कपाटे पाहिली की बाजारातल्या निम्म्या वस्तूंचा उलगडा होतो.

प्रत्येक कोयत्याला क्रांतीचा आणि प्रत्येक सुरीला फाकोन म्हणणे

१८६८ मध्ये क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी माक्सिमो गोमेस याच्या माणसांनी स्पॅनिश सैन्यावर कोयते घेऊन हल्ला केला. तेव्हापासून क्यूबाचा कोयता हे स्वातंत्र्याचे चिन्ह झाले, आणि बाजारात प्रत्येक जुना कोयता क्रांतिकारकाचा झाला. त्यातले कितीतरी कोयते अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कॉलिन्स कंपनीचे असतात. ही कंपनी १८२६ मध्ये सुरू झाली. मुकुटातून वर आलेला हातोडीधारी हात हे तिचे चिन्ह. नकला इतक्या झाल्या की तिने 'लेजितिमस' म्हणजे 'अस्सल' हा शब्द जोडला. कागदपत्र नसेल तर कोयत्याला कोयत्याची किंमत द्या.

अर्जेंटिनाचा फाकोन लांब, अणकुचीदार आणि सहसा आडव्या संरक्षणाचा असतो. संरक्षण नसलेली एकधारी सुरी म्हणजे कुचियो क्रिओयो. कमरेला पुढे खोचायची छोटी ती वेरिहेरो. पाते झोलिंगेनचे किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचे असणे इथे दोष नव्हे, तीच रीत होती. दोष असतो तो मुठीत. 'आल्पाका' असा ठसा म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त, त्यात चांदी अजिबात नसते. 'इंदुस्त्रिया आर्हेंतिना' म्हणजे 'अर्जेंटिनात बनलेले' असे दिसले तर वस्तू विसाव्या शतकातली.

सगळ्या फिलिपिन्सला स्पॅनिश ठरवणे

१८९८ पर्यंत तिथे स्पेनची सत्ता होती, पण दक्षिणेकडच्या सुलू आणि मिंदानावच्या मोरो लोकांनी स्पेनशी शतकानुशतके झुंज दिली. त्यांच्या क्रिस, बारोंग, कांपिलान या पात्यांच्या हत्यारांना 'स्पॅनिश वसाहतीची शस्त्रे' म्हणणे त्या लोकांवर अन्याय आहे. नागमोडी पाते पाहून क्रिसचे वय सांगू नका. पात्याच्या बुडाशी असलेली आडवी पट्टी पाहा. जुन्या क्रिसमध्ये ती वेगळी घडवून बसवलेली असते. विसाव्या शतकातल्या कित्येक क्रिसवर नुसती रेघ ओढून सांध्याचा भास केलेला असतो. याउलट चूकही होते. बोलो (फिलिपिनो कोयता) आकाराची १९४१ ची स्पॅनिश संगीन फिलिपिनो म्हणून विकली जाते, ती मात्र तोलेदोची.

घासूनपुसून पुरावा नष्ट करणे

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, चिंच, लिंबू यांपैकी काहीही पात्याला लावू नका. पुसट ठसा, छिन्नीची खोली, मुठीखाली शिरलेला काळसर थर या साऱ्यावरच ओळख उभी असते आणि ती एकदा गेली की परत येत नाही. लाल, भुसभुशीत गंज खनिज तेलात मऊ करून कापडाने पुसा, काळा घट्ट थर राहू द्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि आतून पाते खाते.

कायदा शेवटी पाहणे

भारतात तलवार, खंजीर आणि घरकाम-शेतीपलीकडचे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतात. परदेशातून शस्त्र आणायला परवाना लागतो. इथे १०० वर्षांहून जुनी ठरलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी माणसाला पुन्हा देशाबाहेर पाठवता येत नाही. मूठ हस्तिदंती वाटली तर भिंगाखाली पाहा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा हस्तिदंताच्या, सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके साध्या हाडाचे. हस्तिदंत असेल तर व्यवहार सोडून द्या. स्पेनमधूनही १०० वर्षांहून जुनी वस्तू बाहेर नेण्यासाठी १९८५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तो कागद पैसे देण्याआधी मागा, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर ती वस्तू त्याच्याकडेच राहू द्या.